सुतळीचे पंख

यंदा नाशकात थंडी दिवाळीसाठीही थांबली नाही. परवा सकाळी दूध घेऊन वर आले, तर उजव्या अंगठ्याच्या टोकाला बारीक भेग पडलेली. सून म्हणाली, "आई, मलम लावा आणि आज भांड्यांना हात लावू नका." मलम लावलं. एकेकाळी एवढ्याशा भेगेपायी मला दोन-दोन दिवस घरी बसावं लागायचं. भेगेला रेशमाचा दोरा अडकतो, त्याचा तंतू सुटतो आणि हातातली माशी वाया जाते. म्हणून हिवाळाभर आम्ही सगळ्या बायका संध्याकाळी हाताला ग्लिसरीन आणि लिंबू चोळायचो, आणि सकाळी साबणानं हात स्वच्छ धुऊन मगच कामाला बसायचो. तेलाचा हात तर अजिबात चालायचा नाही. तेलकट दोऱ्यावर वार्निश धरत नाही.

माशी म्हणजे मासे पकडायची खोटी माशी. सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी देवळाली कॅम्पात दस्तूर साहेबांच्या शेडमध्ये या माश्या बांधायला जायची. गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा गळ, त्यावर दोऱ्याचं अंग, गळ्याशी कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून केलेली झालर आणि पाठीवर दोन उभे पंख. ही माशी पाण्यावर तरंगली पाहिजे, बुडता कामा नये. म्हणून तिचं नाव कोरडी माशी. वरून वाहत येणारी माशी खरी समजून मासा तोंड उघडतो आणि गळाला लागतो. हा मासा थंड नद्यांतला, विलायतेचा. आमच्यातल्या एकीनंही तो पाहिलेला नव्हता. साहेबांनी मात्र तरुणपणी निलगिरीत चहाच्या मळ्यावर नोकरी केली होती, तिथल्या गोऱ्या साहेबांकडून ते ही मासेमारी आणि माश्या बांधणं दोन्ही शिकले होते. निवृत्त होऊन देवळालीला आले, बंगल्यामागं पत्र्याची शेड घातली आणि आम्हा अकरा बायकांना शिकवलं. तिकडे वसंतात मासेमारी सुरू व्हायची, म्हणून आमच्या कामाची घाई ऐन थंडीत.

माझे वडील नाशिकरोडला छापखान्यात होते. मी मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. आमच्या कॉलनीत कुणी विचारलं, "विमल काय करते?" की आई सांगायची, "एक्सपोर्टमध्ये आहे." माश्या बांधते असं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या शेडचा वास अजून नाकात आहे. पिसांच्या डब्यांतल्या डांबराच्या गोळ्यांचा, वार्निशचा आणि उन्हानं तापू लागलेल्या पत्र्याचा. सकाळी पत्रा इतका गार असायचा की आम्ही शाली पांघरून बसायचो. दहाच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं आणि पहिल्यांदा ताराबाईंच्या टेबलावर पडायचं. ती जागा त्यांचीच होती. पंख लावायला उजेड लागतो, आणि पंख लावावेत ते ताराबाईंनीच.

ताराबाई मखमलाबादच्या. घरचा फुलांचा मळा. लहानपणापासून झेंडू, शेवंतीच्या माळा करून बोटं अशी तयार झालेली की त्या बोलायच्या एकीकडे आणि बोटं चालायची दुसरीकडे. वय चाळिशीच्या आसपास, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी लुगडं आणि त्यावर दिराचा जुना स्वेटर. पंखांचं काम असं: बदकाच्या डाव्या पंखातलं एक पीस घ्यायचं आणि उजव्या पंखातलं तसंच दुसरं. दोन्हीतून तांदळाच्या दाण्याएवढी रुंद पट्टी काढायची, टोकाला टोक जुळवायचं, गळावर चिमटीत धरायचं आणि चिमटीतच दोरा ओढायचा. पट्टी केसभर मोठी-लहान झाली की माशी पाण्यावर कुशीवर पडते. मला दोन वर्षं झाली होती, तरी दहातले चार पंख बिघडायचे. ताराबाईंचा शंभरात एखादा.

दसऱ्याच्या सुमाराला विलायतेहून पत्र आलं. इंग्रजी पत्रं मीच वाचून दाखवायची. साहेब म्हणाले, "मोठ्यानं वाच. सगळ्यांनी ऐकू दे." साहेबांच्या मराठीत सगळ्यांनाच 'तू' असे.

मी वाचलं. तुमच्या माश्या सुबक आहेत, पण पिसांचे पंख एकदोन मासे लागले की फाटतात. कृत्रिम पंखांच्या माश्या आता दुसरीकडून येऊ लागल्या आहेत, त्या टिकतात. जानेवारीअखेर तुमच्याकडून तसे नमुने आले नाहीत, तर पुढच्या वर्षी मागणी देता येणार नाही.

मग ताराबाई म्हणाल्या, "फाटनारच की. मासा चावल्यावर कापडबी फाटंल. हे तर पीस हाय."

"तू बरोबर बोलते, ताराबाई," साहेब म्हणाले. "पण ते लोक विकत घेणारे आहेत नी."

ही मागणी गेली तर शेड बंद. अकरा जणींपैकी चौघींच्या घरात दुसरं कमावणारं माणूस नव्हतं. साहेबांनी मला टेबलावरून उठवलं आणि दाराजवळ एक स्टूल दिलं, एक पाण्याचं घमेलं दिलं. "विमल, तू शिकलेली. शोध कर. जे सापडेल ते बांध, पाण्यात टाक, मला सांग."

तो हिवाळा मी दिसेल त्या वस्तूकडे पंख म्हणून बघत काढला. पहिल्यांदा जिलेटिनचा कागद घेतला, मिठाईच्या पुड्यावरचा. उन्हात धरला की हुबेहूब चतुराचा पंख. पाण्यात पडल्यावर दोन मिनिटांत तो भिजला, गळाला चिकटला आणि वळकटी होऊन बसला. मग जाड प्लॅस्टिकची पिशवी कापून पंख केले. ते दिसायला इतके देखणे झाले की सगळ्या उठून बघायला आल्या. साहेबांनी ती माशी वेताच्या काठीच्या दोरीला बांधली आणि अंगणात हवेत फिरवली. चारदा फिरवली आणि थांबले. दोरीला पीळच पीळ पडले होते. ताठ पंखांनी माशी हवेत भिंगरीसारखी फिरली होती.

"हे नको," साहेब म्हणाले. "माणूस मासा पकडणार की गुंता सोडवत बसणार?"

वडिलांचे एक मित्र मालेगावला मागावर होते. त्यांच्याकडून कृत्रिम रेशमाच्या धाग्याचे उरलेले तुकडे मागवले. त्याचे पंख मऊ, चमकदार, आणि पाण्यात टाकताच तळाला. तो धागा पाणी प्यायचा. आईच्या नायलॉनच्या साडीच्या पदरातून चार धागे ओढले, तर आईनं तोंडाचा पट्टा सुरू केला. त्या धाग्यांनी माशी बुडाली नाही, पण तरंगलीही नाही. अर्धी पाण्यात, अर्धी वर, दमलेल्या माणसासारखी लटकून राहिली. छत्रीचं कापड, पतंगाला लावतात तो चमकीचा कागद, केसांच्या गंगावनाचे केस, सगळं बांधून झालं. डिसेंबर निम्मा संपला. वहीत मी प्रत्येक वस्तूपुढं एक ओळ लिहायची आणि बहुतेक ओळींच्या शेवटी 'बुडाली' असा शब्द असायचा.

ताराबाई या सगळ्याकडे बघत नसत. त्या आपले पिसांचे पंख लावत बसायच्या. कधी माझ्या घमेल्यावरून जाताना म्हणायच्या, "आज कोन मेलं?"

एका सोमवारी त्या कामावर आल्या नाहीत, मंगळवारीही नाही. त्यांच्या पेटीत सत्तरेक अर्धवट माश्या पडून होत्या. साहेबांनी मला त्या माश्या आणि पिसं देऊन मखमलाबादला पाठवलं. पंचवटीपर्यंत बसनं गेले, पुढं चालत. ताराबाईंना ताप होता. त्या ओट्यावर घोंगडी पांघरून उन्हाला बसल्या होत्या. समोर शेवंतीचा मळा, पिवळाधमक. त्यांची सासू टोपलीशी बसून फुलं निवडत होती.

सासूबाईंनी मला गाव विचारलं, वडिलांचं काम विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचे हात टोपलीत थांबले. मी चालून आले होते, घसा कोरडा पडला होता, पण पाणी मागावं की नाही ते मला कळेना. हे असं कळेनासं होणं मला नवीन नव्हतं. कॉलनीत, शाळेत, शेडमध्ये ते विसरायला होई. गावात पाऊल टाकलं की आठवे.

ताराबाई घोंगडी टाकून उठल्या. मला विहिरीपाशी घेऊन गेल्या आणि बादली माझ्याच हातात दिली. "ओढ," त्या म्हणाल्या. "पी, आन मलाबी दे. तापानं तोंड सुकलंय."

सासूबाई काहीतरी बोलल्या. ताराबाईंनी वळून पाहिलंदेखील नाही.

मी बादली सोडली. विहिरीचा दोर सुती होता, पण खालचा भाग झिजला असावा, म्हणून बादलीच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पांढऱ्या सुतळीचे चार पदर एकत्र वळून जोडले होते. बादली कलंडून भरू लागली. दोर ढिला पडला. सुती भाग भिजून पाण्याखाली गेला आणि पांढरी सुतळी वेटोळं घालून वरच राहिली. मी बादली ओढायचं विसरून बघत उभी राहिले.

"काय झालं?" ताराबाईंनी विचारलं.

"सुतळी तरंगतेय."

"ती तरंगतीच. फुलांचे भारे बांधायला आनतो आमी."

आम्ही दोघी पाणी प्यायलो, एकाच तांब्यानं. निघताना त्यांनी फुलांच्या खोलीतून हातभर सुतळी तोडून दिली. सासूबाईंनी जाताना मान हलवली की नाही, ते आता आठवत नाही. ताराबाईंनी त्या दिवशी माझ्यासाठी घरात काय ऐकून घेतलं असेल, हे विचारायचं धाडस मला पुढंही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुतळीचा पीळ उलगडला. आत तंतू नव्हतेच, एक पातळ चपटी पट्टी होती. ती बोटांनी चोळली तशी तिला उभ्या चिरा पडल्या. मग उवांची फणी घेतली आणि पट्टी विंचरत गेले. विंचरता विंचरता तिचे केसासारखे बारीक, थोडे कुरळे धागे झाले. त्यांची लहानशी बट गळावर उभी बांधली, घमेल्यात टाकली. माशी तरंगली. मी ती बोटानं खाली दाबली. ती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. अंगणात काठीला बांधून फिरवली, दोरीला पीळ पडला नाही. धाग्यांमधून हवा निघून जात होती.

पण बट निसटत होती. प्लॅस्टिक गुळगुळीत, त्यावर वार्निश अजिबात धरेना. पाच-सहा वेळा काठी फिरवली की पंख गळाभोवती गोल फिरून पोटाखाली यायचा, नाहीतर सगळाच उपसून हातात. दोरा जास्त गुंडाळावा तर माशी जड होऊन बुडायची. रंगही बसेना. कपड्याचा रंग, चहाचं पाणी, काहीही घाला, सुतळी जशीच्या तशी पांढरी. संक्रांत आठ दिवसांवर आली होती.

ताराबाई बऱ्या होऊन कामावर आल्या होत्या. दोन दिवस त्यांनी माझी खटपट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि माझ्या स्टुलाशी येऊन म्हणाल्या, "सरक."

त्यांनी माझी पकड, गळ घट्ट धरून ठेवायचा छोटा शिकंजा, जवळ ओढली. बट गळावर उभी न लावता आडवी ठेवली. दोरा तिरका नेला, उलट्या बाजूनं तिरका परत आणला. मग बटेची दोन्ही टोकं एकत्र वर उचलली आणि तिच्या बुडाशी दोरा असा फिरवला की माझ्या डोळ्यांना तो दिसलाच नाही. शेवटी एक हिसका.

"ओढ आता."

मी ओढली. पंख हलला नाही.

"ही कुठली गाठ?"

"गजऱ्याची. फूलबी गुळगुळीतच असतं की. देठ धरायचा नाय, देठाला मिठी घालायची." त्यांनी पकड माझ्याकडे सरकवली. "बघ, येतीया का."

मला ती गाठ अर्ध्या तासात आली. शेजारच्या दोघींना संध्याकाळपर्यंत आली. आणि ती मला इतक्या लवकर आली, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला आनंदच इतका झाला होता की लक्षात आलं नाही. ताराबाईंच्या मात्र आलं असणार. त्या डबा उघडून जेवायला बसल्या आणि भाकरी न संपवताच त्यांनी डबा बंद केला, एवढं मी पाहिलं होतं.

रविवारी साहेब आम्हा दोघींना दारणेवर घेऊन गेले. पाणी संथ, काठाला धुकं विरत चाललेलं. साहेबांनी काठी फेकली. माशी पाण्यावर उतरली, पंख उभा, पांढरा, लांबूनही दिसणारा. खालून लहान चंदेरी मासे येऊन तिला ढुशा देऊ लागले. एकानं तोंडात धरली आणि सोडली. साहेबांनी चाळीस-पन्नास वेळा फेकली. पंख जागचा हलला नाही.

"रंगाचं काय?" मी विचारलं.

"रंग नको," साहेब म्हणाले. "माझ्या वयाच्या माणसाला संध्याकाळी आपली माशी दिसत नाही. ही दिसेल. असंच लिही पत्रात."

मी तसंच लिहिलं. नमुने गेले. फेब्रुवारीच्या शेवटी उत्तर आलं. मागणी आधीच्यापेक्षा मोठी होती, आणि सगळीच्या सगळी सुतळीच्या पंखांची. शेडमध्ये पेढे वाटले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी म्हटलं, "गाठ ताराबाईंची आहे." साहेब म्हणाले, "हो हो, तिची पण." ते 'पण' मला टोचलं.

उन्हाळ्यात सहा नवीन मुली आल्या. पूर्वी पंख शिकायला दोन वर्षं जायची, या मुली आठवड्यात शिकल्या. पिसांचे डबे वरच्या फळीवर गेले. ताराबाई इतरांसारख्याच सुतळीचे पंख बांधू लागल्या. त्यांचे पंख चांगले असत, पण आता सगळ्यांचेच चांगले असत. खिडकीची जागा त्यांनी स्वतःहून एका नव्या मुलीला दिली. तिला चष्मा होता. साहेबांनी त्यांना शिकवणारी म्हणून नेमतो असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठ दिसांच्या कामाला मास्तरीन कशाला?"

एका दुपारी आम्ही दोघीच शेडमध्ये होतो. मी धीर करून म्हटलं, "ताराबाई, मी ती सुतळी आणायला नको होती."

त्यांनी मान वर केली. "अन मग? अकरा बाया घरी बसल्या असत्या. त्यात मी न् तू बी."

"पण तुमचं काम गेलं."

"गेलं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं गं. नाय कसं म्हनू? वीस पिसं चाळली की एक जोडी जुळायची. जुळली की लय गार वाटायचं जिवाला. आता जुळवायचंच काय नाय." मग माशी पकडीतून काढून पेटीत टाकली. "पन गाठ मी दिली, तू मागितली नव्हती. इसरू नको."

पुढच्या दिवाळीनंतर त्या आल्या नाहीत. मळ्यात माणूस कमी पडतंय, असा निरोप आला. मी शेडची देखरेख बघू लागले. लग्न झालं, मुलगा झाला, तरी काम चालू राहिलं. सुतळीच्या जागी पुढं मुंबईहून तयार धागा येऊ लागला, रंगीतही मिळू लागला. गाठ तीच राहिली. नव्या मुली तिला 'ताराची गाठ' म्हणायच्या. त्यातल्या बऱ्याच जणींना तारा म्हणजे लोखंडाची तार वाटायची.

मग पाच-सहा वर्षांनी, अशाच कडक थंडीत, विलायतेच्या त्याच गिऱ्हाइकाचं पत्र आलं. एक म्हातारे गृहस्थ निवृत्त होतायत, त्यांना काचेच्या चौकटीत लावून भेट द्यायला जुन्या पद्धतीच्या, पिसांच्या पंखांच्या बारा माश्या हव्या आहेत. साहेब आता काठी टेकत चालायचे, त्यांचे हात कापायचे. त्यांनी शेडभर नजर फिरवली. तेवीस मुली होत्या. एकीलाही पिसाचा पंख लावता येत नव्हता.

मी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि मखमलाबादला गेले. सासूबाई वारल्या होत्या. ताराबाई ओट्यावरच होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी पीस हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, उजेडाकडे धरलं आणि परत दिलं.

"नाय व्हायचं आता. दिसत नाय." मग म्हणाल्या, "पकड आनलीय का?"

"आणलीय."

"बस मग. तू बांध."

मी ओट्यावरच्या फळीच्या कडेला पकड लावली. त्या माझ्या शेजारी इतक्या जवळ बसल्या की त्यांचा गुडघा मला लागत होता. मी डावं पीस घेतलं, उजवं घेतलं, पट्ट्या काढल्या, चिमटीत धरून दोरा ओढला. त्यांनी बोटाचं टोक पंखांवरून अलगद फिरवलं.

"डावा मोठा. सोड."

सोडला. पुन्हा बांधला. "मुरगळलाय. सोड." पुन्हा. ऊन ओट्यावरून अंगणात सरकलं. कोणीतरी दोन वेळा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. माझी मान अवघडली, चीडही आली. मी म्हटलं, "काचेमागं ठेवायच्यात हो. तिथं कुठला मासा बघणार आहे?"

"मासा कवाच बघत नव्हता," ताराबाई म्हणाल्या. "सोड."

त्या दिवशी एकही झाली नाही. मी रजा टाकली आणि रोज जात राहिले. पाचव्या दिवशी, दुपारी, त्यांचं बोट एका जोडीवरून गेलं, परत आलं आणि पुन्हा गेलं. त्यांनी माशी पकडीतून काढून घेतली, तळहातावर ठेवली आणि डोळ्यांजवळ नेली.

"चालंल," त्या म्हणाल्या. मग माशी न सोडता मूठ मिटून बसल्या. "त्यांच्या बारा येगळ्या कर. ही मी ठिवते."